घरचा वाफा आणि बाजारचा वाफा



शाळेच्या वार्षिक अंकांत शिक्षकानें लिहावयाचें म्हणजे शिस्त, वाचन किंवा वेळेचा सदुपयोग असा एखादा विषय घ्यावा, असा आपल्याकडे प्रघात आहे. यंदा मी तो मोडून कोबीवर लिहिणार आहें. विषय ऐकून कोणास हंसूं आलें, तर त्यानें खुशाल हंसावें. मात्र लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंति. गेल्या दोन हिवाळ्यांत ह्या साध्या भाजीनें मला जो धडा दिला तो महाविद्यालयांत मला कोणीं दिला नव्हता. आणि त्यास निमित्त झाला आपल्याच शाळेंतील आठव्या इयत्तेचा एक विद्यार्थी.

वटारच्या वाडींत ज्याचें बालपण गेलें त्याला भाजीचा वाफा म्हणजे काय हें सांगावयास नको. पश्चिमेकडून समुद्राचा वारा येतो, तो माडांवर अडतो, आणि माडांच्या आडोशाला केळी, पानवेली, फुलझाडें व भाज्या नांदतात. आमच्या वडिलांच्या पिढीनें रहाटाच्या करकरीवर पहांट ओळखिली. आतां रहाट थांबले व विजेचे पंप आले. कित्येक बावखलें बुजलीं, कांहीं विहिरींचें पाणी मचूळ झालें. आणि विरार-नालासोपाऱ्याच्या इमारती वर्षागणिक जवळ सरकत आहेत. तरीहि पाऊस उघडून दसरा-दिवाळीची थंड हवा सुटली कीं, ज्यांच्या विहिरीला अजून गोडें पाणी आहे ते गादीवाफ्यावर कोबी-फुलकोबीचें बीं टाकतात.

कोबी हा मूळचा परदेशी पाहुणा. त्याचा रानटी भाऊबंद युरोपांत समुद्रकांठच्या खडकांवर आजहि उगवतो. म्हणजे खाऱ्या वाऱ्याशीं त्याच्या कुळाची जुनी ओळख आहे. 'कोबी' हें नांवहि पोर्तुगीजांच्या 'कोव्ह' ह्या शब्दापासून आपल्या भाषेंत आलें. आणि १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता, हें तुम्हीं इतिहासांत वाचलेंच आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें कोबी, फुलकोबी व नवलकोल हीं तीन निराळीं झाडें नसून एकाच जातीचीं तीन रूपें आहेत. माणसानें शेंकडों वर्षें निवड करीत करीत एकाची कळी फुगविली तो कोबी झाला, दुसऱ्याचा फुलोरा फुगविला तो फुलकोबी झाला, तिसऱ्याचा दांडा फुगविला तो नवलकोल झाला. कोबीचा गड्डा म्हणजे न उमललेली एक प्रचंड कळीच होय. ती उमलण्यास कित्येक आठवडे कडक थंडी लागते. तशी थंडी आपल्या किनाऱ्यावर पडत नाहीं; म्हणून वटारचा कोबी फुलत नाहीं व त्याचें बीं आपणांस थंड प्रदेशांतून आलेलें विकत घ्यावें लागतें. मोहरी व मुळा हींहि ह्याच कुळांतलीं. हें नातें लक्षांत ठेवा. पुढें त्याचा उपयोग आहे.

आतां मूळ गोष्ट सांगतों. दोन हिवाळ्यांपूर्वीं मीं घरामागील वाडींत पाऊण गुंठ्यावर कोबीचीं सुमारें तीनशें रोपें लाविलीं. त्याखेरीज विहिरीच्या बाजूस वीस रोपांचा एक लहानसा वाफा होता. मोठ्या वाफ्यावर मी दर आठवड्यास औषध फवारीत असें. लहान वाफ्यावर एक थेंबहि पडूं देत नसें. अशी रीत माझ्या एकट्याचीच होती असें नव्हे. भाजी पिकविणाऱ्या माणसास विश्वासांत घेऊन विचारा. पुष्कळ ठिकाणीं असा एक निराळा कोपरा निघेल. ही रीत इतकी अंगवळणीं पडलेली असते कीं तींत कांहीं गैर आहे, हें मनांतहि येत नाहीं.

एका रविवारीं शाळेच्या बागेसाठीं रोपें नेण्यास चार विद्यार्थी आले. त्यांतील एकजण दोन्ही वाफ्यांच्या मधल्या बांधावर उभा राहून बराच वेळ पाहत होता. मग त्यानें विचारिलें, "सर, ह्या वाफ्यांतल्या पानांना भोंकें आहेत आणि त्या वाफ्यांतल्या पानांना एकहि नाहीं. असें कां?"

मी सहज म्हणालों, "अरे, हा घरचा वाफा, तो बाजारचा."

त्यानें थोडा विचार केला व म्हणाला, "पण सर, बाजारांतून नेलेला कोबीहि कोणाच्या तरी घरींच शिजतो ना?"

मीं उत्तर दिलें नाहीं. "रोपांच्या मुळांना ओलें फडकें गुंडाळा," असें कांहींतरी सांगून मीं विषय टाळला. परंतु गोष्ट तेथें संपावयाची नव्हती. त्याच संध्याकाळीं माझी आई विळीवर कोबी चिरावयास बसली. गड्डा पाहतांच मीं ओळखिला. तो मोठ्या वाफ्यांतला होता. आदल्याच दिवशीं मीं त्यावर फवारणी केली होती. "आई, तो नको," असें म्हणून मीं तो तिच्या हातांतून काढून घेतला. ती म्हणाली, "कां रे? उद्यां ह्याच वाफ्यांतले टोपलींत भरणार आहेस ना?"

दुसऱ्या दिवशीं टोपल्या भरल्या नाहींत. फवारणीनंतर किती दिवस थांबून पीक काढावें, हें औषधाबरोबरच्या कागदावर छापिलेलें असतें. तो कागद मीं त्या रात्रीं प्रथमच नीट वाचला आणि तेवढे दिवस थांबलों. तोंवर कांहीं गड्डे तडकले, भावहि उतरला, आणि मजुरी वजा जातां हातीं फारसें उरलें नाहीं. वर्गांत शेजारधर्म शिकविणाऱ्या पदवीधर शिक्षकानें एवढा कागद वाचावयास एका मुलाच्या प्रश्नाची व म्हाताऱ्या आईच्या शब्दाची वाट पाहावी, ह्याची मला आजहि लाज वाटते.

माझें मत मी येथेंच स्पष्ट मांडतों. भाजी पिकविणाऱ्या घरांत वाफा एकच असावा. जें आपल्या ताटांत वाढावयास आपण धजत नाहीं तें दुसऱ्याच्या टोपलींत घालूं नये. हा नियम पाळूं गेल्यास शेती बुडेल, असें पुष्कळांस वाटतें. मला उलट असें वाटतें कीं हा नियम मोडल्यामुळेंच ती आंतून पोखरत चालली आहे. कशी, तें पाहूं.

कोबीच्या शत्रूंत पहिला मान एका चिमुकल्या पतंगाचा आहे. पंख मिटून बसला म्हणजे त्याच्या पाठीवर हिऱ्याच्या आकाराचे फिकट ठिपके दिसतात. म्हणून त्याला चौकोनी ठिपक्यांचा पतंग म्हणतात. त्याची अळी हिरवी, दोन्ही टोंकांस निमुळती, पुरी वाढली तरी सुमारें एक सेंटिमीटर लांब. बोट लावतांच ती वळवळत मागें सरते आणि बारीक तंतूवर लोंबकळून खालीं उतरते. ती पानाच्या खालच्या अंगानें हिरवा गर खाते व वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेविते. त्यामुळें पानाला जणूं खिडक्या पडतात. उष्ण हवेंत अंड्यापासून पतंग होण्यास दोन-तीन आठवडे पुरतात. म्हणजे एका पिकाच्या मुदतींत तिच्या तीन-चार पिढ्या सहज होतात.

ह्या एवढ्याशा प्राण्यानें मोठमोठ्या शास्त्रज्ञांस कसें जेरीस आणिलें तें ऐकण्यासारखें आहे. डी. डी. टी. ह्या रसायनाचा कीटकनाशक गुण स्वित्झर्लंडचे पॉल म्यूलर ह्यांनीं १९३९ सालीं शोधून काढिला, आणि त्याबद्दल त्यांस १९४८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आतां कीटकांचें राज्य संपलें, असें तेव्हां अनेकांस वाटलें. पण अवघ्या पांच वर्षांनीं, १९५३ सालीं, जावा बेटांतून वृत्त प्रसिद्ध झालें कीं कोबीवरील ही अळी डी. डी. टी.स दाद देत नाहीं. आपल्या देशांत लुधियाना येथें असाच अनुभव १९६८ सालीं नोंदला गेला. त्यानंतर नवीं नवीं औषधें निघालीं आणि एकामागून एक तींहि अनेक ठिकाणीं निकामी ठरलीं. अळ्यांना रोग आणणाऱ्या एका जंतूपासून केलेलें सौम्य औषधहि हवाई बेटांतील शेतांत वारंवार वापरल्यामुळें फिकें पडल्याचें १९९० सालीं प्रसिद्ध झालें.

ह्याचें कारण गूढ नाहीं. समजा, हजार अळ्यांवर विष पडलें आणि त्यांतील दहा जन्मतःच चिवट असल्यामुळें वांचल्या. पुढची पिढी त्या दहांची. तिच्यावर तेंच विष अधिक प्रमाणांत मारिलें कीं आणखी चिवट उरतात. आपण चाळणी धरून शत्रूच्या सैन्यांतील निवडक वीर बाजूस काढीत असतों, आणि त्यांनाच प्रजा वाढविण्यास मोकळें रान देतों. दुसरीकडे ह्याच वाफ्यांत आपले मित्रहि राहत असतात. एक बारीक गांधीलमाशी अळीच्या अंगांत अंडें घालते व तिचें पिलूं त्या अळीला आंतून खाऊन टाकतें. लाल पाठीचे ढालकिडे मावा फस्त करितात. कोळी येतां-जातां पतंग पकडितात. विषाचा तडाखा ह्या मित्रांनाहि बसतो, आणि त्यांची संख्या पुन्हां भरून येण्यास वेळ लागतो. मग पुढच्या आठवड्यांत अळी अधिक दिसते, शेतकरी अधिक जहाल डबा आणतो, आणि दुकानदाराची उधारी तेवढी वाढते. ह्यालाच मी आंतून पोखरणें म्हणतों.

आणि विष आधीं कोणास बाधतें? दूर शहरांतल्या खाणारापेक्षांहि आधीं तें फवारणाऱ्याच्या अंगावर उडतें. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करितांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले. तें पीक कापसाचें होतें. परंतु पंप तोच आणि माणसाचीं फुफ्फुसेंहि तींच. आपल्या वाडींत खुरपणारी, पानें मोडणारी, टोपली भरणारी आपली आई, बहीण, पत्नी असते. तिच्या हातांना मोजे नसतात, नाकावर पदरापलीकडे कांहीं नसतें. तेव्हां बाजारचा वाफा बाजारांतल्यांनाच मारतो, ही समजूतहि खोटी आहे.

तर मग करावें काय? नुसता उपदेश करून मी थांबणार नाहीं. गेल्या हिवाळ्यांत मीं एकच वाफा केला. त्यांत जें केलें तें क्रमानें सांगतों. त्यांत माझा शोध कांहींच नाहीं.

पहिली गोष्ट रोपांची. कोबीचे पुष्कळसे आजार रोपाबरोबरच वाफ्यांत येतात. पानाच्या कडेपासून आंत निमुळता पिवळा डाग पडून शिरा काळ्या होतात, त्या रोगाला आपल्याकडे घाण्या म्हणतात. तो बियाण्यांतून येऊं शकतो. म्हणून बीं सुमारें ५० अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यांत अर्धा तास ठेवून, वाळवून मग पेरिलें. उष्णता मोजण्यास प्रयोगशाळेंतील उष्णतामापक वापरला. अंदाजानें कढत पाणी ओतल्यास बींच मरतें. गादीवाफा उंच केला, म्हणजे पाणी तुंबून रोपें मुळाशीं कुजून कोलमडत नाहींत. चार-पांच आठवड्यांचीं रोपें दीड दीड फुटावर लाविलीं. आदल्या वर्षीं जेथें कोबी होता ती जागा सोडून, जेथें चवळी होती ती निवडिली. कारण एकाच कुळाचें पीक त्याच जागीं पुन्हां घेणें म्हणजे त्याच्या रोगांना घर बांधून देणें होय.

दुसरी गोष्ट मोहरीची. मघां सांगितलेलें नातें आतां कामास येतें. कोबीच्या पतंगाला व माव्याला मोहरी अधिक प्रिय आहे. बंगळूर येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं ह्या आवडीचाच सांपळा केला. कोबीच्या दर २५ ओळींमागें मोहरीच्या २ ओळी घ्याव्या. पहिली कोबी लावण्याच्या १५ दिवस आधीं व दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनीं पेरावी, म्हणजे कोबीच्या साऱ्या मुदतींत कोंवळी मोहरी उभी राहते, असें त्यांचें सांगणें. माझ्या वाफ्यांत पंधराच ओळी होत्या, म्हणून मीं दोन्ही कडांना मोहरी पेरिली. पतंग तिकडे वळले. मोहरीवर अळ्या व मावा दाटला कीं तेवढ्याच ओळींवर उपाय करावयाचा. आणि फारच दाटला तर तीं झाडें उपटून मातींत पुरावयाचीं.

तिसरी गोष्ट सकाळच्या फेरीची, आणि माझ्या मतें हीच मुख्य. रोज शाळेंत येण्यापूर्वीं वीस मिनिटें मी वाफ्यांत फिरत असें. दर ओळींतील दोन रोपांचीं पानें उलटून पाहावयाचीं आणि वहींत मांडावयाचें: किती अळ्या, किती अंडीं, मावा आहे कीं नाहीं, ढालकिडे आहेत कीं नाहींत. तंबाखूवरील अळी म्हणून जी दुसरी वैरीण आहे तिची मादी शेंकडों अंडीं एकाच पुंजक्यांत घालते आणि तो पुंजका तपकिरी केसांनीं झांकते. असें एक पान वेळीं तोडलें तर शेंकडों अळ्यांचा प्रश्न एका चिमटींत मिटतो. तेंच आठ दिवसांनीं दिसलें तर पंपहि पुरा पडत नाहीं. कोंवळ्या रोपांवर आईनें पहांटे दंव असतांना चुलींतली बारीक चाळलेली राख भुरभुरविली. आमच्या घरची ही जुनी चाल मीं 'अडाणी' म्हणून सोडून दिली होती. मध्यंतरीं एकदोनदां संध्याकाळीं झारीनें वरून पाणी घातलें. त्यानें पतंगांचें संध्याकाळचें फिरणें मोडतें व बारीक अळ्या धुपून पडतात. मात्र घाण्या दिसूं लागल्यास असें वरून पाणी घालूं नये, कारण तो रोग पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर पसरतो.

चौथी गोष्ट निंबोळीची. वाळलेल्या निंबोळ्यांचा आंतला मगज कुटून, एक लिटर पाण्यास ५० ग्रॅम ह्या प्रमाणांत रात्रभर भिजत ठेवून, सकाळीं फडक्यानें गाळून घेतला, त्यांत किंचित् साबण मिसळिला आणि संध्याकाळीं फवारिला. उन्हानें ह्या अर्काचा गुण लवकर जातो, म्हणून संध्याकाळच बरी. त्यानें अळी तत्काळ मरत नाहीं. तिची खाण्यावरची वासना उडते व तिची वाढ खुंटते. ज्याला सकाळीं फवारून दुपारीं मेलेल्या अळ्या मोजावयाच्या असतात त्याचा ह्यावर विश्वास बसत नाहीं. त्यानें पांच दिवस थांबून नवीं पानें पाहावींत.

आतां फळ काय मिळालें तेंहि लपवीत नाहीं. तीनशें रोपांपैकीं सुमारें चाळीस गड्डे हातचे गेले. उरलेल्यांतील पुष्कळांच्या बाहेरच्या पानांस भोंकें होतीं. विरारच्या बाजारांत भाजीवालीनें गड्डा फिरवून पाहिला आणि किलोमागें चार रुपये कमी सांगितले. औषधाचा खर्च वांचला हें खरें, तरी सारा हिशेब मांडला तेव्हां चांगल्या वर्षीं मिळे त्याहून थोडें कमीच मिळालें. एकाच हिवाळ्यांत सारें साधलें, असें सांगणारा मनुष्य एकतर बीं विकणारा असतो किंवा औषध विकणारा.

येथें एक पालक मला नक्कीच अडवितील. ते म्हणतील, "सर, तुम्हांला दर महिन्याला पगार आहे. चाळीस गड्डे गेले तर तुमच्या मुलांची फी थांबत नाहीं. आमचें पोट वाडीवर आहे." हा आक्षेप खरा आहे आणि त्याला मी तोंडदेखलें उत्तर देणार नाहीं. ज्याचें पोट वाडीवर आहे त्यानें एका दिवसांत पंप फेंकून द्यावा, असें माझें म्हणणें नाहीं. माझें मागणें तीन गोष्टींचें आहे. औषध आणण्यापूर्वीं पान उलटून पाहा. कीड नसतांना केवळ वार ठरला म्हणून फवारूं नका. डब्यावरील चौकटीच्या खालच्या त्रिकोणाचा रंग पाहा; लाल म्हणजे अत्यंत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यांत सर्वांत सौम्य; आणि तें औषध कोबीसाठीं आहे असें कागदावर लिहिलें आहे कीं नाहीं, तें वाचा. आणि फवारल्यावर सांगितलेले दिवस, भाव कितीहि चढलेला असो, थांबा. ज्यांस इंग्रजी वा बारीक अक्षर वाचतां येत नाहीं त्यांच्या घरांत आपल्या शाळेचा एक विद्यार्थी आहे. तो वाचून दाखवील. त्यासाठींच तर आपण त्याला शाळेंत पाठविलें. शंका उरल्यास आपल्याच जिल्ह्यांत कोसबाड येथें कृषि विज्ञान केंद्र आहे, तेथें विचारावें. दुकानदार हा एकच गुरु मानूं नये.

दुसरें मागणें विकत घेणाऱ्या पालकांकडे. आपल्या शाळेंतील कित्येक मुलें आतां वाडींत नव्हे, तर सदनिकांत राहतात. त्यांच्या मातांपितरांनो, निष्कलंक कोबीचा हट्ट तुम्ही सोडा. बाहेरच्या दोन पानांचीं भोंकें हा रोग नव्हे. तीं पानें तुम्ही तशींहि काढूनच टाकतां. भोंकांचा गड्डा तुम्ही बाजूस सारतां तेव्हां शेतकऱ्याला न बोलतां एक हुकूम देत असतां, आणि तो हुकूम पाळण्यासाठींच तो पंप उचलतो. भाजीवालीनें माझे जे चार रुपये कापिले ते तिनें कापिले नाहींत. तुमच्या भीतीनें कापिले.

१८६७ सालीं विरारपासून मुंबईपर्यंत उपनगरी गाडी सुरू झाली. तेव्हांपासून गाड्या वाढल्या, रस्ते झाले, आणि वसईच्या भाजीला, केळ्यांना व फुलांना मोठें शहर जवळ आलें; त्यानें आपलीं घरें उभीं राहिलीं, आपण शिकलों. पण त्याबरोबर एक गोष्ट घडली. पूर्वीं आपला कोबी कोण खातो तें आपणांस ठाऊक असे. आतां खाणाऱ्याचा चेहरा दिसेनासा झाला. ज्याचा चेहरा दिसत नाहीं त्याच्याशीं वागतांना माणसाचा हात सैल सुटतो. शेजारी कोण, हा प्रश्न आपण शाळेंत लहानपणापासून ऐकतों आणि त्याचें उत्तर परीक्षेंत बिनचूक लिहितों. मला वाटतें, आपल्याकडील मुलांना तें उत्तर फळ्यावर शिकविण्यापेक्षां वाफ्यांत शिकविणें सोपें आहे.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, शेवटचें बोलणें तुमच्याशीं. वाडींत काम करून आलेल्या मुलाच्या नखांत माती दिसली तर वर्गांत कोणी कोणी नाक मुरडतो, हें मीं पाहिलें आहे. तुम्हांस एक माहिती सांगतों. विल्यम केरी ह्या मिशनरी गृहस्थांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण छापून प्रसिद्ध केलें. आणि त्याच गृहस्थांनीं १८२० सालीं कलकत्त्यास शेती व बागाईत ह्यांच्या सुधारणेसाठीं एक संस्था स्थापिली. व्याकरण आणि वाफा ह्यांत त्यांना विरोध दिसला नाहीं. आपल्यालाहि दिसूं नये. येत्या हिवाळ्यांत शाळेच्या बागेंत प्रत्येक इयत्तेनें एक वाफा घ्यावा, त्याची एक वही ठेवावी, आणि तींत रोज काय दिसलें तें लिहावें, अशी माझी सूचना आहे. अळी काढतांना ओळखावी कशी, मित्रकिडा कोणता, मोहरीवर काय जमलें, ह्याचें निरीक्षण ज्याला साधलें त्याला शास्त्राचा अभ्यास वेगळा शिकवावा लागणार नाहीं. आणि ज्यानें तो प्रश्न विचारिला त्या विद्यार्थ्यासारखे प्रश्न विचारावे. शिक्षकाला उत्तर सुचलें नाहीं तरी विचारावे.

यंदाचीं रोपें गादीवाफ्यावर उभीं आहेत, कडेला मोहरीहि उगवली आहे. गेल्या हिवाळ्यांत एका संध्याकाळीं वीज गेली होती. आई कंदील न घेतांच वाडींत गेली, हाताला लागला तो गड्डा कापून घेऊन आली आणि विळीवर बसली. कोणत्या वाफ्यांतला, असें मीं तिला विचारिलें नाहीं. विचारण्याचें कारण उरलें नव्हतें.